कडेवरचं पोर

नंदुरबार जिल्ह्यात पहिलीच्या वर्गाला शिकवलेल्या कोणालाही विचारा, पटावर नसलेली मुलंसुद्धा त्यांना नावानिशी आठवतील. दीड-दोन वर्षांची, नाक वाहणारी, मोठ्या बहिणीच्या कडेवर बसून शाळेत येणारी. हजेरीपत्रकात त्यांना जागा नव्हती, पण ती रोज हजर असत. ज्या दिवशी ती येत नसत, त्या दिवशी त्यांची बहीणही येत नसे. आदिवासी भागातल्या शिक्षणावर बोलताना इमारत, शिक्षक, पुस्तकं, भाषा यांवर पुष्कळ बोललं जातं आणि ते बरोबरच आहे. मला मात्र नोकरीभर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा आला : मोठी मुलगी अक्षरं गिरवत असताना धाकट्याला कोण घेणार?

१९८३ मध्ये मी आणि माझे यजमान अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर रुजू झालो. तेव्हा हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी बदलीचा अर्ज असो की रखडलेलं बिल, सगळं धुळ्याला. एसटी धडगावपर्यंत येई, पुढे पायवाट. पावसाळ्यात घाटात दरड आली की एसटीही बंद. पाडा म्हणजे ओळीने मांडलेली घरं नव्हेत. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, एक या टेकडीवर तर दुसरं पलीकडच्या. भिंती कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या. शाळेला एकच कौलारू खोली आणि पुढे पडवी. यजमान तिसरी-चौथी घेत, मी पहिली-दुसरी. दुसरी खोली मिळाली ती खडू-फळा मोहिमेत, १९८७ नंतर.

नाव दाखल करायला आई-बाप आले की पहिली अडचण जन्मतारखेची. आई म्हणे, "मोहफुलं पडत होती तेव्हाचा." नाहीतर, "होळीच्या जरा आधीचा." रजिस्टरला मोहफुलं चालत नसत, तारीख लागे. मग बापाकडे बघत, पोराचे दात बघत वर्ष ठरायचं आणि तारीख पडायची १ जून. शाळा जूनमध्ये उघडते, तोवर वयाची अट पुरी व्हायला हवी, म्हणून १ जून. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस गुरुजींनी असा ठरवला. आज बाळ दवाखान्यात जन्मतं, दाखला मिळतो, पाठोपाठ आधार. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. माझी मुलगी आता अक्कलकुवा तालुक्यात शिक्षिका आहे. तिला पोराचे दात बघावे लागत नाहीत. आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव यांचा मेळ घालण्यात मात्र तिचा जून-जुलै जातो.

त्या पडवीतलं एक चित्र मला सविस्तर सांगायचं आहे. तिसरीतली एक मुलगी होती. आई-बाप पहाटे शेतात जायचे, नाहीतर मोहफुलं वेचायला. घरात वर्षाचा भाऊ. तो तिच्या वाट्याला. पहिले काही दिवस ती त्याला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी राहायची. आत यायची नाही, परतही जायची नाही. मग एक दिवस तिच्या आईने जुनं लुगडं आणून दिलं आणि पडवीच्या वाशाला झोळी बांधली. झोळीला सुतळी, सुतळीचं दुसरं टोक मुलीच्या पायाच्या अंगठ्याला. ती दाराशी बसायची, पाटी मांडीवर, आणि पाय हलत राहायचा. ओळीतली तीन-चार अक्षरं नीट यायची, मग पाय ओढला जायचा आणि पुढचं अक्षर रेषेच्या वर उडायचं. तिची कुठलीही ओळ सरळ नसे. पाढे मात्र तिच्याइतके ठेक्यात कोणी म्हणत नसे, कारण ठेका सुतळीचा होता. पोर उठलं की ते रांगत आत यायचं, पाटीवरचं ओलं फडकं चोखायचं, पेन्सिलीचा तुकडा तोंडात घालायचं. तो काढून घ्यायचं काम माझं, कारण तिचा हात लिहिण्यात असायचा.

आणखी एक काम या मुलींनी केलं, त्याची नोंद कुठेच नाही. मला पाड्यावरची पावरी बोली यायची नाही आणि पहिलीत आलेल्या पोरांना मराठी. मधे या तिसरी-चौथीतल्या बहिणी. मी मराठीत सांगायचं, त्यांनी पावरीत, मग पोरांनी हसायचं. माझ्या उच्चारांवर हसायचे की गोष्टीवर, ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. पुढे मी बऱ्यापैकी बोलू लागले ती त्यांच्याकडूनच. त्या भाषेत लहान-मोठा सगळ्यांना एकेरीच बोलतात. "बाई, तू उद्या घरी ये," असं आजोबाही म्हणत आणि पाच वर्षांचं पोरही. नंदुरबारहून आलेल्या माझ्या सासूबाईंना ते ऐकून धक्का बसला होता. मला ते फार आवडायचं.

१९८६ मध्ये मला मुलगी झाली. बाळंतपणाची रजा तेव्हा तीन महिन्यांची. सासूबाई अहिराणीत म्हणाल्या, "पोरले मना जोडे राहू दे." त्यांचं बरोबर होतं. घरात त्या, जाऊ, दोन पुतण्या, म्हणजे मांडीवर घ्यायला माणसं भरपूर. पण अंगावर पिणारं पोर घाटाखाली ठेवून मी वर कशी राहणार? मी तिला घेऊन पाड्यावर गेले. पडवीत दुसरी झोळी बांधली गेली. मी फळ्याशी असताना माझ्या पोरीची सुतळी त्याच वर्गातल्या दुसऱ्या कुठल्या तरी मुलीच्या अंगठ्याला असायची. मधल्या सुट्टीत मी दोन्ही पोरांना भरवायची. एका पालकाने ते बघितलं आणि म्हणाला, "बाई, तू पण आमच्यासारखीच." एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला नंतर कुठल्या पुरस्काराने दिलं नाही.

तपासणीला आलेल्या एका साहेबांना मात्र झोळ्या खपल्या नाहीत. शाळा आहे की पाळणाघर, असं त्यांनी विचारलं. झोळ्या काढल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या मुली येईनाशा झाल्या आणि त्यांच्याबरोबर पहिलीतली त्यांची भावंडंही, कारण शाळेचा ओढा ओलांडून त्यांना आणणारं दुसरं कोणी नव्हतं. आठवडा उलटायच्या आत झोळ्या पुन्हा टांगल्या. शेरेबुकात काय लिहिलं होतं ते लिहिलं होतं.

हा प्रश्न आमच्याही आधी कोणाला तरी पडला होता आणि त्यांनी त्यावर उत्तरही शोधलं होतं, हे मला नंतर वाचनातून कळलं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर आल्या आणि पुढे हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवर त्यांना दिसलं ते हेच. मुलं शाळेत येत नाहीत, कारण कोणाच्या मागे गुरं आहेत, कोणाच्या कडेवर धाकटं आहे. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही, की आई-बापांना उपदेश केला नाही. गुरं जिथे चरतात तिथे शाळा नेली, ती कुरणशाळा. बालवाडी पाड्याच्या अंगणात भरवली, ती अंगणवाडी. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणून विकासवाडी उभी केली. थोरलीने वर्गात बसावं, मधल्याने बालवाडीत खेळावं, धाकट्याने शेजारच्या खोलीत झोपावं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पुढे पद्मश्री. अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. पण सरकारी अंगणवाडीत येऊन बसायचं ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी. तीन वर्षांच्या आतल्या पोराला घरी न्यायचा आहार मिळतो, लस मिळते, वजन होतं. त्याला दिवसभर सांभाळणारी जागा मिळत नाही. विकासवाडीतली पाळण्याची खोली वाटेत राहून गेली.

तेव्हाचं सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. त्या झोळ्यांतली सगळी पोरं पुढे पहिलीत पोचली नाहीत. गोवर यायचा, पावसाळ्यात हगवण यायची, आणि दवाखाना दरडीच्या पलीकडे. एखादी मुलगी चार दिवस आली नाही की विचारायलाही जीव धजत नसे. ती परत यायची तेव्हा कडेवर कोणी नसायचं. त्यानंतर ती रोज वेळेवर यायची, मन लावून लिहायची, आणि तिची ओळ सरळ यायची. ती सरळ ओळ मला बघवायची नाही. आज बोट ॲम्ब्युलन्स आहे, बाइक ॲम्ब्युलन्स आहे, आशाताई आहेत. गरोदर बाईला अमृत आहार योजनेत २०१५ पासून एक वेळचं गरम जेवण मिळतं, बाळाला अंडं मिळतं. कुपोषणाच्या बातम्यांत आमच्या जिल्ह्याचं नाव अजून येतं, तेव्हा ही लढाई संपलेली नाही. तरीही मागे जायला मला कोणी सांगितलं तर मी जाणार नाही.

मग मला आठवण कशाची येते? घरात असणाऱ्या माणसांची. पाड्यावर आजी असायची, काका असायचे, होळीला सगळे घरी असायचे. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार झाला की शाळा ओस पडायची, आणि आम्हीही ते गृहीत धरून त्या आठवड्यात नवा धडा काढत नसू. काठी गावच्या राजवाडी होळीला चालत जाऊन आलेली पोरं चार दिवस वर्गात पेंगायची. त्या पेंगण्यावर मी कधी ओरडले नाही. त्यांनी रात्रभर ढोल ऐकलेला असायचा, मोरपिसांचे टोप घातलेले बुवा-बुध्या बघितलेले असायचे, आणि मग वर्गात त्याचं चित्र काढायला सांगितलं की ज्याने आठवडाभर पेन्सिल धरलेली नसायची तोही पाटी भरून टाकायचा. घरी आजी रात्री सांगायची त्या गोष्टींत वाघदेव असे, याहामोगी देवी असे. सात वर्षांचं पोर कुठलं बी कुठल्या उतारावर पेरतात ते सांगायचं. यातलं काहीच आमच्या पुस्तकात नव्हतं.

पुस्तकात ते यावं, असा हट्ट नर्मदेकाठच्या लोकांनी धरला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली तेहतीस गावं येणार होती, सगळी अक्राणी आणि अक्कलकुव्यातली. सरकारी दप्तरी शाळा असूनही गुरुजी फिरकत नसत, अशी तिथली तक्रार जुनी. नर्मदा बचाओ आंदोलनाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडीसारख्या गावांत जीवनशाळा काढल्या. गावातलेच शिकलेले तरुण गुरुजी झाले, सुरुवातीचं शिकवणं पोरांच्या बोलीत झालं, गावकऱ्यांनी लाकूड, बांबू, धान्य आणून दिलं. शाळेचं छप्पर बुडालं की वरच्या टेकडीवर पुन्हा उभारायचं. या शाळांचा बालमेळा भरतो, त्यात पळणं, तिरंदाजी, नाटकं सगळं असतं. मी जिल्हा परिषदेची माणूस, तेव्हा आमच्या वर्तुळात या शाळांबद्दल नाराजीनेच बोललं जायचं. तिथली पोरं पाहुण्यांसमोर न लाजता उभी राहून बोलताना मी पाहिली आहेत. त्याबद्दल मला आदर आहे, आणि तो मी तेव्हाही लपवला नाही.

सरकारी शाळांतही गोष्टी हळूहळू बदलल्या. १९९२ पासून मुलींना उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला एक रुपया. पहिल्यांदा पैसे वाटले तेव्हा एका आईने त्यातून मुलीला कानातलं घेतलं आणि मला दाखवायला आली. तोच एक रुपया पुढची तीस वर्षं एक रुपयाच राहिला, याचं मला वाईट वाटतं. १९९५ मध्ये पोषण आहार आला. सुरुवातीला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी. तांदळाच्या दिवशी पट भरायचा. नंतर शाळेतच खिचडी शिजू लागली आणि पट रोज भरू लागला. कडेवरचं पोरही ताटलीत हात घालायचं. आहाराचा हिशेब पटावरच्या डोक्यांवर असतो, पण आमच्या स्वयंपाकीणबाई पळी जरा भरून घ्यायच्या. बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पाड्यापाड्यावर शाळा पोचली, रस्ते पोचले. २०११ च्या जनगणनेत तरीही जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी. लोकसंख्येत आदिवासी सुमारे ६९ टक्के.

शाळा दाराशी आली आणि त्याच वर्षांत घरं रिकामी व्हायला लागली. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी येते. उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. गुजरातेत बारडोलीकडे, नाहीतर आपल्याच राज्यात घाटावर. रात्री गाडी भरते : भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळी, आणि वर पोरं. होळीला परत. म्हणजे पहिलीतलं मूल अक्षर ओळखायला लागतं त्या महिन्यात ते जातं आणि विसरून येतं. शिक्षण हमी पत्रक दिलं जातं, तिकडच्या शाळेत दाखवा म्हणून. तिकडची शाळा गुजराती, पडाव शेतात, आणि आई पहाटे चारला फडात. मग थोरलीचं काम काय? पाचटाच्या खोपीत धाकट्याला धरून बसणं. यावर हंगामी वसतिगृहांचा उपाय निघाला, पोरांना गावातच ठेवून जेवणाची सोय करायची. चांगला उपाय आहे. पण वसतिगृह शाळेत जाणाऱ्या पोरासाठी, दीड वर्षाच्या भावासाठी नाही. तो आईबरोबर फडावर जाणार, आणि त्याला सांभाळायला बहीण जाणार.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझी बदली नंदुरबार शहराजवळ झाली. मला वाटलं, आता हा प्रश्न मागे पडला. तर समोर मिरचीच्या पथाऱ्या. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ देशात नावाजलेली. दिवाळीच्या सुमाराला ओली लाल मिरची येऊ लागते आणि शहराबाहेरची मोकळी मैदानं एकर-एकरभर लाल होतात. रस्त्यावरून जाणारे फोटो काढतात, इतकं देखणं दिसतं. त्या पथारीवर बायका बसतात, मिरची वाळवतात, देठं खुडतात, वजनावर मजुरी घेतात. डोळ्यांना धार, नाकाला फडकं, बोटांची आग रात्री झोपेतही जात नाही. तिथे तान्हं पोर नेता येत नाही, त्याला ठसका लागतो, श्वास कोंडतो. मग पथारीच्या बाहेर कडुनिंबाखाली ओळीने मुली बसलेल्या, सात-आठ-नऊ वर्षांच्या, प्रत्येकीच्या मांडीवर एक पोर. पोर रडलं की मुलगी पळत कडेपर्यंत जाते, आई हात धुते, पदराने पुसते, पुन्हा धुते, आणि तरीही छातीशी घ्यायच्या आधी घाबरते. त्या मुलींची नावं माझ्या पटावर होती. मी दुपारी शाळा सुटल्यावर त्या झाडाखाली जायची आणि गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवायची. त्याने शाळा बुडायची थांबली नाही, पण होळीनंतर त्या परत यायच्या तेव्हा मला बिचकत नसत.

माझ्या मुलीचा काळ वेगळा आहे. तिच्या शाळेत जमिनीवर रंगीत अंक रंगवलेले आहेत, भिंतीवर तक्ते, कपाटात कार्डं, टीव्ही संच. २०१५ नंतर प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राच्या वाऱ्यात शाळांचं रूप पालटलं ते खरंच सुंदर आहे. पाटीवर अंक घोटून घेणाऱ्या मला मणी, काड्या, चिंचोके घेऊन खाली बसलेली पोरं बघताना हेवा वाटतो. पण मला सर्वांत मोठा बदल दिसतो तो आयांमध्ये. माझ्या वेळची आई शाळेच्या दारात चपला काढून उभी राहायची आणि आत यायची नाही. आताची आई आठवी-दहावी झालेली आहे. २०२२ पासून शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, गल्लीतल्या आया गट करून बसतात. एकीच्या मोबाइलवर आठवड्याचा उपक्रम येतो. घरातल्या वस्तूंची वर्गवारी करा, उड्या मोजा, डाळी वेगळ्या करा. माझ्या लेकीच्या गावातल्या अशा एका गटाला मी गेले होते. आई पोराला उडीद आणि मका निवडायला सांगत होती आणि त्याच्याशी बोलत होती घरच्या भाषेत, मधेच मराठी शब्द पेरत. तिला कोणी दुभाषा लागत नव्हता. ती पंचवीस वर्षांची असेल. तिच्या वयाच्या बाईला मी पूर्वी अंगठा उठवायला शाई द्यायची.

करोनाच्या काळात, २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा शहरात ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि अक्राणीत रेंजच नव्हती. शिक्षक पाड्यावर जाऊन झाडाखाली चार-पाच पोरं घेऊन बसले. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांची बातमी तेव्हा देशभर गाजली. बायका-मुलं नदी ओलांडून येईनात, म्हणून त्या स्वतः नावाड्यासारखी होडी वल्हवत नर्मदेतून पलीकडच्या वस्त्यांवर जायच्या, बाळांची वजनं घ्यायच्या, आहार पोचवायच्या. अठरा किलोमीटर वल्हवणं. त्यांनाही घरी लहान मुलं होती. त्यांचं कौतुक झालं ते योग्य झालं. त्या जेव्हा होडीत असत तेव्हा त्यांच्या मुलांना घरच्यांनी सांभाळलं, म्हणून ते शक्य झालं, हेही मला त्या बातमीत मोठ्या अक्षरात वाचायला आवडलं असतं.

एका नव्या गोष्टीबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. आदिवासी मुलांना पहिलीपासून इंग्रजी माध्यमाच्या नामांकित निवासी शाळांत पाठवण्याची सरकारी योजना आहे. पालक रांगा लावतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. आपल्या पोराने इंग्रजी बोलावं असं कोणाला वाटत नाही? माझी नातही नंदुरबारात व्हॅनने इंग्रजी शाळेत जाते. पण ती संध्याकाळी घरी येते. सहा वर्षांचं पोर शेकडो किलोमीटरवर वसतिगृहात ठेवणं मला मान्य नाही. दिवाळीला ते येतं, आजीशी काय बोलावं ते त्याला सुचत नाही आणि आजीलाही. आश्रमशाळेत निदान दोन भावंडं एकत्र असतात. तिथल्या नळावर सकाळी जाऊन बघा, चौथीतली बहीण पहिलीतल्या बहिणीची वेणी घालत असते, डोक्यातल्या उवा काढत असते. ते ओझं तिच्यावर असू नये, हे मला कळतं. पण त्या धाकटीला कोणाचा तरी हात डोक्यावर मिळतो.

शहरातल्या घरातही माणसं कमीच झाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या दारच्या निंबाला झोका बांधायचा, माहेरवाशिणी यायच्या, आठ-दहा लेकरं एकमेकांना सांभाळत मोठी व्हायची. आता माझ्या सुनेच्या हाताशी मी एकटी, आणि माझे गुडघे दुखतात. ती पोळ्या करते तेव्हा नात मोबाइल मागते. पाड्यावरही तेच. रेंज नसली तरी धडगावच्या बाजारातून मेमरी कार्डात गाणी आणि व्हिडिओ भरून आणतात, आणि कडेवरच्या पोराच्या हातात तो चौकोन असतो. सूनबाईला मी बोलत नाही. सकाळी डबा, व्हॅन, तिची नोकरी, संध्याकाळी शाळेने व्हॉट्सॲपवर पाठवलेला अभ्यास. माझ्या सासूबाई, जाऊ, पुतण्या असं घर तिला मिळालेलं नाही. मोठी माय एकच, तीही थकलेली.

२०२२ मध्ये केंद्राने पाळणा नावाची योजना आणली आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना दिवसभर सांभाळायचं. ताराबाई-अनुताईंनी कोसबाडला केलं ते इतक्या वर्षांनी कागदावर आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. ते आधी कुठे हवं, हे मी कोणालाही सांगू शकते. पथारीच्या कडेला, कापूस वेचणीच्या गावांत, आणि गुजरातेतल्या पडावावर. पडावासाठी दोन राज्यांनी बसून बोलावं लागेल. पथारीसाठी तेवढंही नको.

म्हणून आम्ही काही निवृत्त बाया आणि दोन जुन्या अंगणवाडी सेविका मिळून यंदा दिवाळीनंतर एक खोली चालवायची ठरवली आहे. पथारीपासून जवळ, पण वाऱ्याच्या उलट दिशेला, म्हणजे मिरचीचा खाट येणार नाही. खोली एका व्यापाऱ्याने बिनभाड्याने दिली. दूध आणि खिमटीचा खर्च वर्गणीतून निघेल असं दिसतं. पाण्याची टाकी बसली, संडासाचं दार अजून लागायचं आहे. पथारीवरच्या बायांना विचारलं तर त्यांनी पहिल्याच दिवशी पंधरा-वीस पोरांची नावं सांगितली, आणि त्यांच्या बहिणी कुठल्या वर्गात आहेत तेही. सकाळच्या पाळीला आमच्याकडे माणसं आहेत. दुपारी दोन ते सहा कोण बसणार, ते येत्या रविवारी बसून ठरवायचं आहे.